चौकाला वळसा

पुठ्ठ्याचं ते घर दत्तारामने हलक्या हातांनी पाटावर ठेवलं आणि मागे सरून तो सुभद्रेच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. लहानपणी शाळेतून आल्यावर पाटी पुढे करून, वैनी आता काय म्हणते याची वाट बघत उभा राहायचा, अगदी तसाच...

भोईवाड्यातल्या चाळीची ती एकच खोली. पाटाशी दत्ताराम, त्याला खेटून त्याची बायको कुमुद, उंबऱ्यात फतकल मारून बसलेल्या शेजारच्या गंगुबाई, आणि हातात चहाची किटली घेतलेली सुभद्रा. सुभद्रा म्हणजे दत्तारामची थोरली वहिनी. ती परकर सोडून नुकती लुगड्यात आली होती तेव्हा राजारामची बायको होऊन या खोलीत शिरली, आणि सासू नसलेल्या त्या घरात तिच्या पदराला पहिल्याच दिवशी हा आठ वर्षांचा, नाक ओढणारा दीर लटकला तो लटकलाच. पुढे राजाराम गेला, आणि दत्तूचं शिक्षण अर्ध्यावर मोडू नये म्हणून सुभद्रा गिरणीच्या वायंडिंग खात्यात सूत गुंडाळायला उभी राहिली. आता तोच दत्तू फोर्टातल्या एका मोठ्या कचेरीत आर्किटेक्ट झाला होता, लोकांचे बंगले कागदावर काढत होता, आणि आज त्याने स्वतःचं घर करून आणलं होतं.

"गो सुभद्रा, तुझो दीर म्हणता, रोमातलो विळो बघून घर काढलंय," गंगुबाई म्हणाल्या. "आमच्याकडे विळ्यान गवात कापतत. घर बांधूचा कधी ऐकूक नाय."

"व्हिला हो मावशी, व्हिला."

"ताच मी म्हणतंय. विळो."

कुमुद खुदकन हसली. दत्तूही हसला, पण त्याचं सगळं लक्ष सुभद्रेकडे होतं.

"वैनी, जुन्या काळी रोमन लोक अशी घरं बांधायचे. रस्त्याच्या बाजूला नुसती भिंत आणि आत सगळं उघडं. चारी बाजूंनी खांब, खांबांच्या आतून फिरती ओसरी, ओसरीवर खोल्या. मी तसले नक्षीचे खांब नाही घेतलेत. सिमेंटचे बारीक खांब, वर सपाट स्लॅब, खोल्यांना काचेची दारं. आजच्या माणसाचं घर, पण पोटात आभाळ असलेलं. आणि ही बघ, पूर्वेची, तुझी खोली. सकाळचं ऊन थेट तुझ्या अंथरुणावर येईल."

सुभद्रा वाकली. इवलेसे खांब, इवलेसे दरवाजे... तिचं मन आनंदाने भरून आलं. इतकं सुंदर घर आपल्या दत्तूच्या बोटांतून उतरलं, या विचाराने तिचे डोळे पाणावले. तिने पाहिलं, मध्ये एक चौकोनी भोक होतं. तिने त्यावर बोट ठेवलं.

"इथलं छप्पर राहिलं का रे?"

"राहिलं नाही वैनी, ठेवलंच नाही. तो चौक. सगळं घर त्याच्यासाठीच आहे."

चौक...

चहा ओतायला घेतला तो कपाबाहेर सांडत राहिला तरी सुभद्रेला कळलं नाही. कुमुदने घाईने पुठ्ठ्याचं घर उचललं. सुभद्रेने किटली खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि अगदी शांतपणे म्हणाली, "घर छान आहे. तुम्ही दोघं सुखाने राहा. मी काही यायची नाही."

आणि ती बादली उचलून नळाला निघून गेली, तेव्हा नळाला पाणी यायची वेळही झाली नव्हती.

चाळीच्या दोन इमारतींच्या मध्ये फरशीचा एक चौक होता. पोरांचे खेळ तिथे, हळदीचे मांडव तिथे, गौरी-गणपतीची भजनं तिथे. आणि चाळीतलं माणूस गेलं की त्यालाही खाली आणून तिथेच आभाळाखाली ठेवायचं, ही रीत. माणसाने घराचा शेवटचा निरोप चौकात घ्यायचा. बायकोने त्याला तिथे शेवटचं बघायचं, बांगड्या तिथेच उतरवायच्या. कोकणातल्या घरांपुढचं खळं मुंबईत राहिलं नव्हतं, म्हणून चौकाने ते काम अंगावर घेतलेलं.

राजाराम गेला त्या वर्षीच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला मिळायची नाही असं रेडिओवर सांगितलं गेलं आणि सारं गिरणगाव पेटून उठलं. गिरण्या बंद, रस्त्यांवर टायर जळत होते, आणि कुठून ना कुठून गोळ्यांचे आवाज येत होते. राजाराम घरात बसून होता. दत्तू मात्र सकाळीच कॉलेजात गेला होता. संध्याकाळ झाली, दिवे लागले, तो येईना. सुभद्रेचा जीव खाली-वर होऊ लागला.

"बघून या ना जरा. आणि त्याचा स्वेटर न्या सोबत. कालपासून खोकतोय, तरी न घालताच गेलाय."

राजारामने स्वेटर काखेत मारला. जिन्यावरून त्याने वर पाहिलं. "घाबरा नको गो. दत्तूक घेवनच येतंय."

दत्तू आला. आतल्या गल्ल्यांतून, कुणाच्या तरी मागीलदाराने, धापा टाकत आला. राजाराम आला नाही...

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून निरोप आला. संचारबंदी होती, दत्तूला एकट्याला जाता आलं. इकडे चाळीतल्या बायकांनी चौक झाडला, सडा घातला, चटई अंथरली, उशाशी दिवा लावला आणि सुभद्रेला धरून आणून चटईजवळ बसवलं. सगळी चाळ वाट बघत उभी राहिली. ऊन सरकत चटईवरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून निघून गेलं. अखेर दत्तू आला तो एकटाच, ओल्या कपड्यांनी, आणि चटईच्या पलीकडे उभा राहून म्हणाला, "वैनी, घरी आणू दिलं नाही. तिकडूनच नेलं. सगळं... सगळं आटोपलं."

म्हाताऱ्या बायका तिच्या बांगड्या फोडायला पुढे झाल्या, तेव्हा तिने हात छातीशी घट्ट आवळून धरले. "मी बघितलं कुठे त्यांना? बघितल्याशिवाय कशी फोडू?" कुणी समजावलं, कुणी रागावलं. पुढे तिने कपाळ पुसलं, काळी पोत काढली. पण हातातल्या हिरव्या बांगड्या राहिल्या त्या राहिल्याच. चाळीने बोलायचं ते बोलून घेतलं आणि मग बोलणंही सोडून दिलं.

राजाराम लढ्यात गेला, हुतात्मा झाला, असं लोक म्हणत होते. सुभद्रेने म्हणू दिलं. आपण त्यांना पाठवलं, दत्तूसाठी पाठवलं, हे तिने गंगुबाईंनादेखील सांगितलं नाही. दत्तूच्या कानावर गेलं असतं तर त्या पोराने जन्मात मान वर केली नसती. ती वेदना तिने एकटीने गिळली. फक्त तिच्या पावलांना ती लपवता आली नाही. त्या दिवसापासून सुभद्रा त्या चौकातून कधी आरपार गेली नव्हती. डोक्यावर हंडा असो की हातात बाजाराची पिशवी, ती भिंतीच्या कडेकडेने, वळसा घालून जाई. चटई कधीच उचलली गेली होती. तिच्या डोळ्यांपुढून मात्र हलली नव्हती. अजून कुणी यायचंय, असं तिला वाटे. वेड्यासारखं वाटे, हे तिलाही कळत होतं... पण त्या चौकाला सोडून ती जाणार कुठे? आणि जिथे घराच्या पोटातच एक रिकामा चौक आहे, तिथे उठता-बसता ती जगणार कशी?

यातलं दत्तूला काही सांगायचं तर त्या संध्याकाळचं सांगावं लागलं असतं. म्हणून ती गप्प राहिली.

घराचं काम वडाळ्याला सुरू झालं. जागा कुमुदच्या वडिलांनी, दादरच्या बाबुरावांनी, लेकीला दिलेली. कुमुद शाळेत शिकवायची, बोलायला सरळ, मनाला लागलं तर चेहऱ्यावर लगेच दिसणारी मुलगी. लग्न झाल्यापासून एका खोलीत तिचा संसार, आणि रात्री अंथरूण घेऊन गंगुबाईंकडे झोपायला जाणारी सुभद्रा, याची तिला मनातून लाज वाटे. ती जागा तिने सुभद्रेसाठीच जास्त मागून घेतली होती.

"वहिनी, तुम्हाला काय आवडलं नाही ते तरी सांगा," एकदा तांदूळ निवडताना तिने विषय काढला. "हे रात्र रात्र टेबलाशी बसतात त्या घरासाठी. अंगात कणकण असली तरी बसतात. मी इतका खपून स्वेटर विणला, तर तो ट्रंकेत टाकला. मला स्वेटर चालत नाही, म्हणे. नाही चालायला काय झालं?"

सुभद्रेची बोटं तांदळात थांबली. खरंच की. त्या जानेवारीनंतर दत्तूच्या अंगावर तिने स्वेटर पाहिला नव्हता. 'हरवला' एवढंच तो म्हणाला होता, आणि दुसरा विणायचं तिच्याही हातून झालं नव्हतं.

तेवढ्यात दत्तू आला. ते दोघींचं बोलणं त्याने दारातच ऐकलं असावं.

"वैनी, आज शेवटचं विचारतो. पाण्याच्या रांगा नकोत, जिने नकोत, दुसऱ्याच्या खोलीत झोपणं नको. मी कुणासाठी बांधतोय ते?"

"तुझ्या बायकोसाठी बांध. पोराबाळांसाठी बांध."

"आणि तू?"

"मी इथे बरी आहे."

कुमुदचा चेहरा लाल झाला. "माझ्या बाबांची जागा आहे म्हणून तुम्ही येत नाही ना? खरं सांगा. मला राग नाही येणार."

सुभद्रेने तिच्याकडे पाहिलं. किती निर्मळ डोळे होते त्या मुलीचे... आणि त्या डोळ्यांनीच सुभद्रेला वाट दाखवली. खोटी, पण सगळ्यांना पटणारी.

"हो," ती म्हणाली. "सोयऱ्यांच्या जागेत राहायची आमच्यात रीत नाही."

कुमुद तांदळाचं सूप खाली ठेवून उठली आणि गॅलरीत गेली. तिचे खांदे हलत होते. दत्तू तिच्यामागे दोन पावलं गेला आणि परत फिरला. मग अतिशय थकलेल्या आवाजात म्हणाला, "दादाने असं म्हटलं नसतं, वैनी."

तो घाव तिने निमूट सोसला. तिला उठून कुमुदला जवळ घ्यावंसं वाटत होतं, दत्तूच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटत होता. पण तोंड उघडलं तर सगळंच बाहेर पडलं असतं. ती तांदूळ निवडत राहिली. एकही खडा तिला दिसत नव्हता...

चाळीत काही लपत नाही. "सुभद्रा आणि धाकटी जाऊ, म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य," असं नळावर कुणीतरी म्हणालं, आणि गंगुबाईंनी त्या बाईच्या बादलीत आपला तांब्या जोरात आपटला. "आमचो विळो आणि आमचो भोपळो आम्ही बघून घेव. तू तुझी भाजी बघ."

एका सकाळी सुभद्रा भरला हंडा घेऊन येत होती. चौक मोकळा होता, नुकताच झाडलेला. तिची पावलं आपोआप भिंतीकडे वळली. वर पाहिलं तर गॅलरीत कुमुद उभी होती, कठड्यावर हात टेकून, तिच्या पावलांकडे बघत.

ती वर आल्यावर कुमुदने हंडा उतरून घेतला. "मधून का नाही आलात वहिनी? रस्ता मोकळा होता."

"सवय."

"रोजची?"

सुभद्रा पदराने मान पुसू लागली. उंबऱ्यातल्या गंगुबाई उगाचच खाकरल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या. कुमुदने त्यांच्याकडे पाहिलं, चौकाकडे पाहिलं, सुभद्रेच्या हातातल्या जुन्या, झिजलेल्या हिरव्या बांगड्यांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्रा गंगुबाईंच्या खोलीत जागी झाली तेव्हा कुमुद उशाशी चहाचा कप घेऊन बसली होती. कप देऊन नुसती बसून राहिली.

मे महिन्याची पहिली तारीख उजाडली. मुंबई महाराष्ट्राची झाली. घरोघर तोरणं, दारोदार रांगोळ्या. चाळीच्या चौकात तर पोरांनी पताकांचं छप्परच घातलं होतं. सकाळीच राजारामच्या फोटोला हार घालायला माणसं येऊन गेली. ती गेल्यावर दत्तू सुभद्रेजवळ बसला.

"वैनी, आज वडाळ्याला चल. एकदाच बघून घे. पुन्हा कधी म्हणणार नाही."

हुतात्म्याच्या फोटोवरचा तो ताजा हार... आणि समोर त्याच चेहऱ्याचा दत्तू. तिला नाही म्हणवेना.

वडाळ्याला मिठागरांचे पांढरे ढीग उन्हात लखलखत होते आणि लांब रेल्वेच्या यार्डात डबे आपटल्याचा आवाज येत होता. सुट्टीचा दिवस, कामावर कुणी नव्हतं. कोऱ्या भिंतीतल्या दारातून सुभद्रा आत शिरली. पुढे बारीक खांबांची ओसरी, ओल्या सिमेंटचा गार वास, आणि मधोमध उघडा चौक. चौकाच्या मध्यात पाण्याच्या कुंडासाठी खणलेला खड्डा. वर आभाळाचा एक निळा तुकडा.

ती ओसरीवरून चालू लागली. एक खोली, दुसरी खोली, स्वयंपाकघर, पूर्वेची ती खोली... आणि फिरून ती पुन्हा दाराशी आली तेव्हा एकाएकी थबकली. सगळं घर तिने पाहिलं होतं आणि चौकात एकदाही पाऊल पडलं नव्हतं. पडायचं कारणच नव्हतं. ओसरी चौकाला वळसा घालूनच जात होती.

"दत्तू... हे असं..."

"तू रोज चालतेस तसं," दत्तू म्हणाला. "मी काय बघत नव्हतो? या घरात तुला कधी चौकातून जावं लागणार नाही, वैनी. पण चौक मला वगळता येईना. दादाला त्या दिवशी चौकात आणता आलं नाही. मी सारखा कागदावर काढत होतो ती जागा. पुस्तकात रोमन घर बघितलं, आणि वाटलं, सापडली. लोकांना मी रोम सांगतो. रोमचं आपलं निमित्त..."

सुभद्रेने खांबाला धरलं. दत्तूने कुमुदच्या हातातली कापडी पिशवी घेतली आणि तिच्यातून एक घडी बाहेर काढली. विटलेला, करड्या लोकरीचा एक स्वेटर. एका बाजूला तपकिरी डाग, बाकी घडी न मोडलेली.

"हॉस्पिटलात त्यांनी हा माझ्या हातात दिला. दादाच्या काखेत होता. त्या दिवसापासून लपवून ठेवलाय, आधी एका मित्राकडे, मग कचेरीतल्या कपाटात. मला तेव्हाच कळलं वैनी, दादा मोर्चाला गेला नव्हता. मला शोधायला आला होता."

"नाही रे... नाही." सुभद्रेचा इतकी वर्षं बांधलेला बांध फुटला. "त्यांना मी पाठवलं. ते बसले होते रे घरात. मी उठवून पाठवलं..."

"तेही कळलं होतं," दत्तू अगदी हळू म्हणाला. "दादाला स्वतःचा डबा कधी आठवला नाही. माझा स्वेटर कुठला आठवायला?"

क्षणभर सुभद्रेला हसू की रडू कळेना. खरंच, अगदी खरं होतं ते. कामाला जाताना रोज जिन्यावरून हाक मारून डबा द्यावा लागायचा त्या माणसाला...

"मग बोलला का नाहीस, लेकरा?"

"तू बोलली नाहीस म्हणून. म्हटलं, बोललो तर तुला लागेल."

एकाच छपराखाली, एकाच ताटात जेवून, दोघांनी एकमेकांपासून एकच दुःख लपवून ठेवलं होतं. कुणाचं कुणाला कमी करता आलं नाही. आताही येणार नव्हतं. गेलेला माणूस परत थोडाच येणार होता...

सुभद्रेने दत्तूच्या हातून स्वेटर घेतला. ओसरीच्या कडेला ती जराशी घुटमळली, आणि मग चौकात उतरली. खड्ड्याच्या काठाशी, आभाळाखाली, तिने तो स्वेटर मातीवर पसरला, त्याच्या बाह्या नीट सरळ केल्या, आणि शेजारी बसली. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले, पण काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही. मग तिने हात पुढे केला आणि बांगडी ओढू लागली. निघेना. इतक्या वर्षांत हाडं रुंदावली होती. तिने मातीतला दगड उचलला.

"थांबा," कुमुद म्हणाली. ती खाली येऊन समोर मांडी घालून बसली. कासाराने घ्यावा तसा तिने सुभद्रेचा हात आपल्या हातात घेतला, अंगठा आत दुमडला, बोटं जुळवली, आणि दाबत, कुरवाळत, एकेक बांगडी न फोडता उतरवली. तिचे अश्रू सुभद्रेच्या मनगटावर पडत होते. मग त्या बांगड्या तिने कुंडाच्या खड्ड्यात ठेवल्या.

"घरात पुरायला नको गो," सुभद्रा कशीबशी म्हणाली. "अशुभ म्हणतील. तुझी आई काय म्हणेल?"

"आईला मी सांगते. भाऊजी घरी आलेत, त्यात अशुभ काय?" आणि पहिली मूठ माती कुमुदनेच खड्ड्यात टाकली.

"कुमुद, ते सोयऱ्यांच्या जागेचं... मी खोटं बोलले होते."

"माहीत आहे मला. तुम्हाला खोटं बोलता येत नाही वहिनी. तांदळाकडे बघत बोलत होता."

दत्तूने हातांनी माती लोटली. स्वेटर मात्र सुभद्रेने पुरू दिला नाही. झटकून, घडी घालून, तिने तो काखेत घेतला. "धुऊन ठेवते," ती म्हणाली. "थंडीत लागेल."

परत आली तेव्हा चाळीवर दिवे लागले होते. चौकातली माणसं पांगली होती. फरशीवर तुडवलेला गुलाल आणि फुलं पडलेली. सुभद्रा चौकाच्या कडेला आली आणि सवयीने तिचं पाऊल भिंतीकडे वळलं. दत्तू आणि कुमुद मागे थांबले. गॅलरीत गंगुबाई वाकून काहीतरी हाक मारणार होत्या, त्याही थांबल्या.

सुभद्रेने काखेतली घडी घट्ट धरली आणि ती सरळ निघाली. मध्यावर, जिथे ती चटई होती तिथे, पदर आवरून क्षणभर उभी राहिली. तिथे कुणी नव्हतं. नुसती फरशी होती, दिवसभराच्या उन्हाने अजून तापलेली. मग ती पुढे गेली आणि जिन्याशी पोचली. पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं.

इतक्या वर्षांत तिला कळलंच नव्हतं... अगदी एवढासा होता तो चौक.